चिडचिड: माझी होते, तो करतो

मराठी माणसाला राग येतो, कंटाळा येतो, वैतागही येतो. चिडचिड मात्र येत नाही, ती होते. तीही ‘मला’ होत नाही, ‘माझी’ होते: ‘आज सकाळपासून नुसती चिडचिड होतेय माझी.’ व्याकरणाने पाहिलं तर या वाक्यात चिडचिडच कर्त्याच्या जागी बसली आहे आणि बोलणारा बिचारा बाजूला उभा आहे. तोच माणूस घरातल्या दुसऱ्या कुणाबद्दल बोलू लागला की क्रियापद बदलतं. ‘बाबा हल्ली फार चिडचिड करतात.’ ‘एवढी काय चिडचिड करतेस?’ आपली होते, दुसरा करतो. ‘मी फार चिडचिड करतो’ असं म्हणणारेही भेटतात, पण बहुधा समुपदेशकासमोर किंवा बायकोची समजूत काढताना.

या शब्दाभोवतीचा सगळा वाद त्या दोन क्रियापदांत आहे. चिडचिड परिस्थितीची, स्वभावाची, की दुखण्याची? संतांनी या प्रश्नाचं एक उत्तर दिलं, मानसशास्त्राने दुसरं, न्यायालयाने तिसरं. आवाज मोजणाऱ्या अभियंत्यांनी तर चिडचिडीला शून्य ते दहा आकडेही दिले. पुण्याजवळच्या मोशीसारख्या गावात ही सगळी उत्तरं एकाच दिवसात कामाला लागतात. पुणे-नाशिक महामार्ग आणि देहू-आळंदी रस्ता इथे एकमेकांना छेदतात. एका अंगाला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला चाकण, आणि मध्ये उंच सोसायट्या. दोष आधी स्वभावाला आणि सर्वांत शेवटी रस्त्याला द्यायचा, ही आपली जुनी खोड. तिचा पाया किती कच्चा आहे, हे मोशीत उभं राहिलं की कळतं.

आधी शब्दाचं कूळ पाहू. ‘चिडचिड’ हा ‘चिडणे’चा दुहेरी अवतार, व्याकरणाच्या पुस्तकातला अभ्यस्त शब्द. मराठीत अशा शब्दांची मोठी वस्ती आहे: किरकिर, कुरकुर, पिरपिर, कटकट, भुणभुण, तणतण, धुसफूस, चरफड, तगमग, हुरहुर, रुखरुख. काही आवाजावरून आलेले, काही आवाजासारखे भासणारे. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1969 साली एका निबंधात दाखवलं की असे ध्वनिचित्रात्मक शब्द द्रविड आणि आर्य, दोन्ही कुळांतल्या भारतीय भाषांत भरभरून आहेत आणि हा शेजाराचा परिणाम आहे. चिडचिडीच्या बाबतीत ही दुहेरी घडण फार चपखल बसते. राग एकदाच येतो आणि फुटतो. चिडचिड पुन्हा पुन्हा होते, दर वेळी थोडीथोडी, आणि फुटत कधीच नाही. ‘चिडणे’ला कुणीतरी समोर लागतं: भावावर चिडला, साहेबांवर चिडली. ‘चिडचिड होते’ला असं कुणी लागत नाही. कुणावर, असं विचारलं तर माणूस गप्प होतो. किंवा म्हणतो, ‘कुणावर असं नाही रे.’

कोणाला कोणता शब्द चिकटतो तेही पाहण्यासारखं आहे. दात येणारं बाळ किरकिर करतं. पाच वर्षांचा मुलगा पिरपिर करतो, खेळण्यासाठी भुणभुण लावतो. सून धुसफूस करते, सासू कटकट करते. निवृत्त आजोबा करवादतात, आणि वयात आलेली मुलगी वसकन अंगावर येते. भावना जवळपास तीच, पण पदरी येणारा शब्द वयावर आणि नात्यावर ठरतो. कारखान्यात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. साहेब डाफरतो, सुपरवायझर खेकसतो, कामगार कुरकुरतो किंवा मनातल्या मनात चरफडतो. वरून खाली जाणाऱ्या शब्दांना मोठा आवाज आहे. खालून वर जाणारे सगळे शब्द ओठांतल्या ओठांत आहेत. ‘साहेब कुरकुरले’ असं कुणी म्हणत नाही, आणि म्हटलंच तर ती साहेबांची चेष्टा असते. पूर्वी स्त्रियांच्या चिडचिडीला तर स्वयंपाकघरात भांडी आपटण्याखेरीज दुसरी वाट नव्हती.

या शब्दांचे पूर्वज त्यांच्याहून गंभीर होते. संस्कृत ‘उद्वेग’ प्राकृतातून घासत घासत मराठीत ‘उबग’ झाला. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं एक लक्षण सांगितलं आहे: ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही तो. त्यावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी समुद्राचा दाखला दिला आणि तिथे ‘उबगणे’ हेच क्रियापद वापरलं. समुद्राच्या माजाने जलचर भीत नाहीत आणि जलचरांना समुद्र उबगत नाही. 1290 साली हे लिहिलं गेलं तेव्हा उबग दोन्ही बाजूंनी मोजला जात होता, आपल्याला होणारा आणि आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा. आजच्या ‘चिडचिड’मध्ये ही दुसरी बाजू बरीचशी गळून पडली आहे.

मराठीतली सर्वांत प्रसिद्ध चिडचिडही मोशीपासून फार लांब घडली नाही. परंपरा सांगते की लोकांच्या वागण्याने उद्विग्न झालेल्या ज्ञानेश्वरांनी आळंदीत झोपडीची ताटी लावून घेतली. बाहेर उभ्या राहिलेल्या मुक्ताबाईने त्यांना विनवलं. तेच ताटीचे अभंग. धाकट्या बहिणीने थोरल्या, तेही योगी म्हणून मान्यता पावलेल्या भावाला रागाबद्दल चार शब्द सुनावावेत, ही गोष्ट वारकऱ्यांनी सातशे वर्षं जपली. त्यातला एक बारकावा नजरेआड होऊ देऊ नये. कथेत ज्ञानेश्वरांचं चुकलं असं कुणी म्हणत नाही. लोक वाईट वागले हे तिला मान्य आहे. मुक्ताबाईचं म्हणणं एवढंच की दार उघडा. आजचा समुपदेशकही बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतो.

‘त्रागा’ शब्दाचा प्रवास तर अंगावर काटा आणणारा आहे. गुजरात-काठेवाडात भाट आणि चारण मंडळी कर्जाची, कराराची, प्रवाशांच्या सुरक्षेची हमी घेत. समोरच्याने शब्द मोडला की ते स्वतःच्याच अंगावर शस्त्र चालवत, कधी जीवही देत. त्या रक्ताचं पाप शब्द मोडणाऱ्याच्या माथी. या प्रकाराला त्रागा म्हणत, आणि इंग्रजी अमलात तो कायद्याने बंद केला गेला. आज मराठी घरात ‘कशाला त्रागा करून घेतेस’ असं म्हटलं जातं तेव्हा त्यात रक्त नसतं. पण स्वतःला त्रास करून दुसऱ्याला बोल लावायची ती रीत थोडी उरलेली असते. ‘करून घेणे’ हे जोडक्रियापद तेवढ्यासाठीच त्याला चिकटून राहिलं असावं.

विसाव्या शतकात उबग साहित्यात शिरला. भालचंद्र नेमाडे यांच्या 1963 च्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो आणि शेवटी गावी परततो. त्याच्या वैतागाला एक शत्रू सापडत नाही. घर, कॉलेज, वसतिगृह, पुणं, सगळंच थोडंथोडं खटकत राहतं. पु. ल. देशपांडे यांनी ‘मी आणि माझा शत्रुपक्ष’मध्ये हीच भावना हसण्यावारी नेली. त्यांचे ‘शत्रू’ म्हणजे बांधकाम चालू असलेलं घर कौतुकाने दाखवणारे, प्रवासातले फोटो पुढ्यात मांडणारे सज्जन. त्यांचा काही दोष नाही, म्हणूनच त्यांच्यावर चिडताही येत नाही. चिडचिड होते ती तिथेच.

आता मोशीचा रस्ता. 1997 मध्ये आसपासच्या गावांबरोबर मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. पुढच्या वर्षांत चाकणला मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे मोठमोठे कारखाने उभे राहिले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसं कामाला आली आणि भोसरी-चाकणच्या मधोमध म्हणून मोशीत राहू लागली. रस्ता मात्र एकच. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, दुचाक्या, शाळेच्या व्हॅन आणि आळंदीला निघालेली भाविकांची वाहनं एकाच पट्ट्यात अडकतात. डिसेंबरात मोशीच्या प्रदर्शन केंद्रात किसान प्रदर्शन भरलं की राज्यभरातले शेतकरी त्यात सामील होतात. नाशिक फाटा ते खेड हा 30 किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 ऑगस्ट 2024 रोजी मंजूर केला, खर्च 7,827 कोटी रुपये. चिडचिडीवर एवढा मोठा खर्च मंजूर झाल्याचं दुसरं उदाहरण लवकर सापडणार नाही, जरी कागदोपत्री तिचं नाव ‘वाहतूक कोंडी’ असलं तरी.

त्यात पाण्याची भर. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. मोठ्या सोसायट्यांना टँकर लागतो, टँकरचे पैसे लागतात, आणि त्या पैशांवरून सोसायटीच्या सभेत आवाज चढतात. शहराचा कचरा मोशीच्या डेपोत येतो. तिथल्या कचऱ्यातून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं पंतप्रधानांच्या हस्ते 1 ऑगस्ट 2023 रोजी उद्घाटन झालं. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा त्यात जावा असा हिशेब आहे. वारा फिरला की आजूबाजूच्या खिडक्या लागतात. यातली कोणतीही एक गोष्ट संकट म्हणावी इतकी मोठी नाही. हॉस्पिटलात न्यावं असं काही घडत नाही आणि पोलिसांत जावं असंही नाही. सगळं मिळून रात्री दहाला भाजीत मीठ कमी पडल्यावरून ताट सरकवण्याइतकं मात्र साचतं.

कारखान्याच्या पाळ्या त्यावर कडी करतात. फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा पाळ्या आठवड्याला फिरत असतील तर शरीराला झोपेची वेळ ठरवता येत नाही. रात्रपाळी करून सकाळी आलेला माणूस झोपायला जातो तेव्हा वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू होतं, खाली भंगारवाल्याची आरोळी येते, घरात मुलांची शाळेची घाई असते. झोप तुटली की सहनशक्ती आखडते, हे झोपेच्या अभ्यासकांनी वारंवार मांडलं आहे. पण अशा घरात ऐकू येतं ते वाक्य मात्र ‘ह्यांचा स्वभावच चिडका’ असं असतं. स्वभाव रविवारी बदलत नाही. पाळी बदलली आणि चिडचिडही उतरली, तर दोष कुठे आहे ते कळायला तेवढं पुरे.

मोशीच्या बोलण्यात या साठवणीला नवे शब्द आले आहेत, आणि ते सगळे डोक्यात राहतात. पुण्याकडचा ‘डोक्याला शॉट’. गावाकडचा ‘टकुरं सरकलं’. ‘डोकं आऊट झालंय’, ‘सटकली ना भाऊ’, ‘डोक्याला ताप’. जुनी मराठी ही भावना सगळ्या अंगावर पसरायची: तळपायाची आग मस्तकात जायची, अंगाचा तिळपापड व्हायचा, जिवाची घालमेल व्हायची. आता ती वरच्या मजल्यावर मुक्कामाला आली आहे. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बोली एका पार्किंगमध्ये भेटल्यावर असे आखूड, सगळ्यांना पटकन कळणारे शब्द टिकतात. ‘करवादणे’, ‘कातावणे’ हे सुंदर शब्द तिथे मागे पडतात, याचं थोडं वाईट वाटतं.

परिस्थितीच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगाने दिली आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी 1972 साली ‘अर्बन स्ट्रेस’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांनी लोकांना कर्कश आवाज ऐकवत काम करायला लावलं. आवाज चालू असताना लोकांनी काम ठीकच केलं. फरक दिसला तो नंतर, शांततेत. ज्यांना आवाज कधी येईल याचा अंदाज नव्हता, ती माणसं नंतरची कोडी लवकर सोडून देत होती आणि मुद्रितशोधनात जास्त चुका करत होती. एका गटाला एक बटण दिलं होतं: फारच झालं तर दाबा, आवाज थांबेल. त्यातल्या बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही त्या गटावर नंतरचा परिणाम बराच कमी झाला. थांबवता येईल, एवढी खात्री पुरली. ही गोष्ट मोशीच्या चौकाला जशीच्या तशी लागू पडते. चाळीस मिनिटं लागणार हे ठरलेलं असतं तर माणूस चाळीस मिनिटांनी आधी निघाला असता. कधी वीस लागतात, कधी सव्वा तास. आणि हातात बटण नाही, हॉर्न आहे.

हॉर्नचाही प्रयोग झालेला आहे. अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात सिग्नल हिरवा झाल्यावरही एक गाडी मुद्दाम जागेवर उभी ठेवून मागचे लोक कधी आणि किती हॉर्न वाजवतात ते नोंदवलं गेलं. निष्कर्ष 1986 मध्ये छापले गेले. उष्णता वाढली तसा हॉर्न वाढला, आणि काचा खाली असलेल्या, म्हणजे एसी नसलेल्या गाड्यांत हा संबंध अधिक ठळक होता. चैत्र-वैशाखात महामार्गावर दुचाकीवर बसलेल्या माणसाला तर खाली करायला काचही नसते.

पण म्हणून सगळी जबाबदारी रस्त्यावर टाकून मोकळं होता येत नाही. डॉक्टरांकडे चिडचिडीची दुसरी वही आहे. चिंताविकार तपासण्यासाठी 2006 पासून वापरात असलेल्या जीएडी-7 या सात प्रश्नांच्या चाचणीत सहावा प्रश्न चटकन वैतागण्या-चिडण्याबद्दलच आहे. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-9 मधल्या नऊ प्रश्नांत असा स्वतंत्र प्रश्न नाही. मुलं आणि किशोरवयीनांच्या बाबतीत मात्र नैराश्य उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपात दिसू शकतं, हे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-संहितेने मान्य केलं आहे. दहावीतला मुलगा ‘माजलाय’ असं ठरवण्याआधी हे घरात माहीत असलेलं बरं. थायरॉइडचा वाढलेला स्राव, रक्तातली साखर उतरणं, पाळीच्या आधीचे दिवस, रजोनिवृत्ती, दारू किंवा तंबाखू सोडल्यानंतरचे पहिले आठवडे: यादी लांब आहे. पाळीच्या कारणाचा घरोघर गैरवापरही होतो. बाईने रास्त तक्रार केली की तिला तारखेचं नाव दिलं जातं आणि तक्रार तिथेच संपते.

मराठीत या विषयावर सर्वाधिक बोललं गेलं ते अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वाटेने. किशोर फडके यांनी तो विचार इथे रुजवला. ठाण्यात 1990 मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून घरोघर नेला. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीच लिहिली. एलिस यांच्या मांडणीत एक दिलासा आहे. गोष्ट मनासारखी झाली नाही म्हणून खटकणं, त्रासिक वाटणं, हे त्यांच्या लेखी निरोगी. बिघाड सुरू होतो तो ‘असं होताच कामा नये’ या हट्टापासून. अडचण एवढीच की रस्त्याच्या बाबतीत ‘असं होता कामा नये’ हे अगदी वाजवी वाक्य आहे, आणि ते म्हणणारे फार शांत झाले तर उन्नत मार्ग मंजूर होत नाहीत. चिडचिड आठवडे टिकली, झोप-भूक तिने खाल्ली, हात उचलण्यापर्यंत गेली, तर मात्र मदत घ्यायची. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे.

कायद्यानेही चिडचिडीला एकदा हात घातला होता आणि तो पोळला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-अ नुसार दुसऱ्याला ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ व्हावी म्हणून पाठवलेला खोटा संदेशही गुन्हा ठरत होता. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल दुसऱ्या, अशा पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. या अटकेवरून उठलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, ते कलम घटनाबाह्य ठरलं. न्यायालयाचं म्हणणं असं की एकाला त्रासदायक वाटेल ते दुसऱ्याला वाटणार नाही, मग गुन्हा कुठे सुरू होतो हे ओळखायचं कसं? दुसऱ्याची चिडचिड हा माझा गुन्हा ठरवायला न्यायालयाने नकार दिला.

आवाजाच्या बाबतीत मात्र कायदा आकडे मानतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, औद्योगिक भागात 75 आणि 70. मोशीत एकाच रस्त्याच्या अलीकडे बाल्कन्या आणि पलीकडे शेड असतील तर दोन्हींत 20 ते 25 डेसिबलचं अंतर कायद्यातच आहे, हवेत ते पाळलं जाण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय डेसिबल आवाजाचे असतात, तो ऐकणाऱ्याच्या हैराणीचे नसतात. म्हणून ध्वनिशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने 2001 मध्ये लोकांनाच विचारायचा ठरावीक प्रश्न तयार केला: गेल्या बारा महिन्यांत घरी असताना अमुक आवाजाने तुम्हाला किती त्रास झाला, शून्य ते दहात सांगा. तो नऊ भाषांत बेतला गेला. त्यांत जपानी होती, तुर्की होती, हंगेरियन होती. भारतीय भाषा एकही नव्हती.

तो मराठीत विचारायचा तर शब्द जपून निवडावा लागेल. ‘आवाजामुळे तुमची चिडचिड होते का?’ असं विचारलं तर निम्मे लोक स्वतःची बाजू मांडू लागतील: ‘नाही हो, मी शांत असतो.’ ‘आवाजाचा त्रास होतो का?’ म्हटलं की तोच माणूस दहा सांगेल आणि वर टँकर, कचरा, चौकातला सिग्नल अशी यादी जोडेल. सर्वेक्षणवाल्यांनी वहीत जागा जास्त ठेवावी.